मॅनहोलच्या झाकणावरून स्वयंपाकघरातली अडणी: आराखड्यापासून ओतकामापर्यंत

रस्त्यावरच्या झाकणाचा फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर लहान करायचा, लेझरवाल्याकडून एमडीएफमध्ये (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीत) कापून आणायचा आणि थेट फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, द्यायचा, असा बहुतेकांचा क्रम असतो. आठवड्याने हातात पडते ती कडा तुटलेली, अक्षरे बुजलेली, टेबलावर डुगडुगणारी चकती. दोष फाउंड्रीवाल्याला दिला जातो. खरे तर काम पॅटर्नच्या (ज्यावरून वाळूत साचा घेतात त्या नमुन्याच्या) टप्प्यावर, म्हणजे धातू वितळण्याच्या कितीतरी आधीच बिघडलेले असते.

झाकण लहान केले की अडणी होत नाही. ६०० मिमीच्या झाकणावरची १० मिमी रुंद पट्टी १८० मिमीच्या अडणीवर ३ मिमी उरते आणि ५ मिमीचा उठाव दीडवर येतो. हाताने ठोकलेल्या वाळूच्या साच्यात एवढे बारीक काम नीट उतरत नाही. शिवाय झाकणाची नक्षी पाय आणि चाक घसरू नये म्हणून असते, तर अडणीवर तापलेले पातेले सपाट बसले पाहिजे आणि खालून हवा खेळली पाहिजे. म्हणून नक्षी उचलायची, पण आखायची नव्याने.

पुढची सगळी मापे १८० मिमी व्यासाच्या, वाळूत ओतलेल्या अडणीसाठी आहेत. धातू बीड (ओतीव लोखंड) घ्या किंवा ॲल्युमिनियम, पहिले चार टप्पे तेच.

## १. नक्षीआधी मापे ठरवा

कागदावर एक वर्तुळ काढा आणि नक्षीचा विचार न करता एवढे लिहून ठेवा:

- बाहेरचा व्यास १८० मिमी
- तळाच्या चकतीची जाडी ६ मिमी, त्यावर नक्षीचा उठाव ३ मिमी
- कडेला ८ मिमी रुंदीची साधी, नक्षी नसलेली किनार
- आरपार छिद्रांची रुंदी किमान १० मिमी
- खाली तीन पाय, प्रत्येकी ९ मिमी उंच, मुळाशी १२ मिमी आणि टोकाशी १० मिमी व्यासाचे

छिद्रांच्या रुंदीमागचे कारण असे. साच्यात प्रत्येक छिद्राच्या जागी ओल्या वाळूचा एक खांब उभा राहतो. उठावासकट त्याची उंची ९ मिमी होते. रुंदी उंचीपेक्षा कमी झाली की पॅटर्न उचलतानाच तो खांब मोडतो आणि छिद्र धातूने भरून जाते. जाळीदार, नाजूक छिद्रांचा मोह इथेच सोडा.

पाय तीनच ठेवा. चार पायांची अडणी घासून समतल केल्याशिवाय हलतेच. मात्र तीन पायांना एक अट आहे: ते शक्य तितके कडेला हवेत. केंद्रापासून ८० मिमीवर पाय असतील, तर त्यांना जोडणाऱ्या त्रिकोणाची बाजू केंद्रापासून फक्त ४० मिमीवर येते. पाय आणखी आत घेतले तर जरा बाजूला ठेवलेला भरला कुकर अडणीसकट कलंडतो.

वजनाचाही अंदाज आत्ताच घ्या. चकतीचा चौथा भाग छिद्रांत गेला असे धरले, तर बिडाची अडणी साधारण एक किलोची होते आणि ॲल्युमिनियमची ४०० ग्रॅमच्या आसपास. घरात वयस्कर माणसे असतील किंवा अडणी रोज वरच्या फळीवरून काढायची असेल तर ॲल्युमिनियम बरे. टेबलावर कायम राहणार असेल तर बीड.

तपासा: घरातल्या चार भांड्यांचे बूड मोजा. गोल बुडाची कढई ठेवायची असेल तर मधोमध ६० ते ७० मिमीची मोकळी जागा सोडा, म्हणजे कढई त्या कड्यात बसेल. मध्यभागी किल्ला किंवा फूल काढून ठेवले तर ती अडणी कढईसाठी गेली.

## २. नक्षी उचलणे

पदपथावरचे, कोरडे, वाहतुकीपासून दूर असलेले झाकण निवडा. सकाळी लवकर जा. तारेच्या ब्रशने माती काढा, पातळ पण चिवट कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने ताणून लावा आणि मेणाचा खडू आडवा धरून घासा. खडूचे टोक वापरले की कागद फाटतो. ठशाच्या शेजारी ३० सेंमीची पट्टी ठेवून वरून, अगदी काटकोनात, एक फोटोही काढा. ठशात रेषांची रुंदी खरी मिळते आणि फोटोत उठावाचा अंदाज येतो. एकावर भागत नाही.

सावधान: झाकण उचलू नका, तिरके करून पाहू नका. गटारातला वायू माणूस बेशुद्ध पाडतो, आणि दोन बोटांची फट जरी उरली तरी पुढच्या माणसाचा पाय त्यात जातो. पावसाळ्यात पाणी उतरवण्यासाठी झाकणे उघडली जातात, तेव्हा त्या वाटेलाच जाऊ नका.

कोणती नक्षी निवडायची? ओतकामाच्या दृष्टीने तीनच प्रकार. पहिला चौकड्या, ठिपके, षटकोन यांचा. न्यूयॉर्कची बरीच झाकणे अशी आहेत (त्यांतल्या अनेकांवर ‘मेड इन इंडिया’ असे ओतलेले असते), आणि आपल्या गल्लीतलीही बहुधा अशीच. पहिल्या खेपेला हाच प्रकार घ्या. दुसरा प्रकार केंद्रातून निघणाऱ्या किरणांचा. यात केंद्राजवळ रेषा एकमेकींना चिकटतात, म्हणून मधला भाग मोकळा सोडावा लागतो. कढईवाल्यांना तो हवाच असतो. तिसरा प्रकार चित्रांचा: ओसाकाच्या झाकणांवरचा किल्ला आणि चेरीची फुले, बर्लिनच्या झाकणांवरचा टीव्ही टॉवर. दिसायला हा सगळ्यांत देखणा आणि ओतायला सगळ्यांत त्रासाचा. ओसाकाच्या झाकणात रंग भरलेले असतात, त्यामुळे आकार रंगाने वेगळे दिसतात. तुमच्या अडणीत रंग नाही. तिथे आकार फक्त उठावाने आणि छिद्रांनी वेगळे काढायचे आहेत, तेव्हा किल्ल्याच्या पाच मजल्यांपैकी दोन छपरे उरली तरी पुष्कळ.

महापालिकेचे बोधचिन्ह आणि कंपनीचे नाव उचलू नका. विकायचा विचार असेल तर मुळीच नको, कारण चित्रांच्या झाकणांवर बहुधा कोणाचा तरी हक्क असतो. त्या जागी आपले गाव, पेठ, आळी घाला.

## ३. नव्याने आखणे

ठशावर पारदर्शक कागद ठेवा आणि जाड मार्करने फक्त मुख्य रेषा ओढा. कॉम्प्युटरवर करणार असाल तरी ही पायरी हातानेच करा. जाड मार्करला बारीक रेषा जमत नाहीत, आणि आपल्याला तेच हवे आहे.

१. कोणतीही उठावाची रेषा माथ्याशी ४ मिमीपेक्षा बारीक नको.
२. दोन रेषांमधली दरी तळाशी ४ मिमीपेक्षा अरुंद नको.
३. आतले सगळे कोपरे किमान दीड मिमी त्रिज्येने गोल करा. टोकदार कोपऱ्यात वाळू ढासळते आणि बिडाला तिथूनच तडा जातो.
४. भांडे टेकणारे सगळे माथे एकाच पातळीत हवेत. चित्राचा एखादा भाग वेगळा दाखवायचा असेल तर तो १ मिमी खाली घ्या, वर कधीच नको.
५. पायांच्या तीन जागा आधी राखून ठेवा. तिथे छिद्र येता कामा नये.

अक्षरांवर थोडे थांबायला हवे, कारण मराठी अडण्या सर्वाधिक बिघडतात त्या इथे. देवनागरीत व, ब, प, ष अशा अक्षरांची पोटे बंद असतात. ओतताना त्या पोटात वाळूचा एवढासा मणी उभा राहतो, धातूच्या लोंढ्याने तो सुटतो आणि ‘बुधवार पेठ’ची दोन अक्षरे आंधळी होतात. वर सुटलेली वाळू भलतीकडे जाऊन तिथे खड्डा पाडते तो वेगळाच. उपाय दोन: अक्षराची उंची १८ ते २० मिमी घेऊन पोट ४ मिमी मोकळे ठेवा, किंवा पोटाची खोली १ मिमीवर आणा. अक्षर वाचता येते आणि वाळूही धरून राहते. पातळ वेलांट्या, रफार आणि अनुस्वार फुगवून काढा. सुटा अनुस्वार ५ मिमीचा ठिपका असू द्या. नाव किनारीलगत वर्तुळात फिरवायचे असेल तर शिरोरेषा सलग कमान म्हणून काढा आणि अक्षरे तिला लटकवा. सरळ टाइप केलेला शब्द सॉफ्टवेअरने वाकवला तर अक्षराअक्षरांमध्ये शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक फटीत वाळू अडकते.

आणखी एक नेहमीची चूक. छपाईच्या सवयीमुळे लोक अक्षरे उलटी, आरशातल्यासारखी काढतात. पॅटर्न सुलटा, त्याचा साचा उलटा, साच्यातला जॉब (ओतून निघालेली वस्तू) पुन्हा सुलटा. त्यामुळे पॅटर्नवर अक्षरे सरळच हवीत.

## ४. पॅटर्न

सगळ्यांत जास्त वेळ या टप्प्याला द्या.

पॅटर्न वाळूतून वर उचलताना त्याची प्रत्येक भिंत किंचित उतरती हवी, म्हणजे भिंत वाळूला घासत निघत नाही. फाउंड्रीत याला टेपर म्हणतात. नक्षीच्या भिंतींना ७ अंश आणि छिद्रांच्या भिंतींना ३ अंश द्या. ७ अंशांनी ३ मिमी उंचीची, माथ्याशी ४ मिमी रुंद रेषा तळाशी पाऊण मिमीने रुंद होते, ते आखताना धरून चला. उताराची दिशा सगळीकडे एकच: लाकूड नक्षीच्या बाजूला अरुंद आणि पाठीच्या बाजूला रुंद. म्हणजेच छिद्रे नक्षीच्या बाजूला मोठी, पाठीकडे लहान.

लेझरने कापलेली भिंत जवळजवळ उभी असते. म्हणून लेझरचे थर एकावर एक चिकटवून केलेला पॅटर्न जसाच्या तसा चालत नाही. त्याच्या प्रत्येक कडेला कानस मारावी लागते आणि ते कंटाळवाणे काम कोणी पूर्ण करत नाही. सीएनसी राउटरवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कोरणी यंत्रावर) टेपरचे बिट लावून कोरून घेणे सोयीचे. थ्री-डी प्रिंटही चालतो, पण थरांच्या रेषांत वाळू धरते. त्यावर पुट्टी-प्रायमर मारून २२० आणि मग ४०० नंबरच्या पेपरने घासा.

पाठ पूर्ण सपाट ठेवा. पाय पॅटर्नला चिकटवू नका, लहान खुंट्या लावून सुटे करा. मोल्डर (साचा करणारा) पॅटर्न पाठीवर झोपवून आधी नक्षीची बाजू वाळूच्या पेटीत ठोकतो, मग पेटी उलटतो, त्यानंतर पाय खुंट्यांवर बसवून दुसरी पेटी ठोकतो. पाय आधीच चिकटवलेले असतील तर पॅटर्न फळीवर बसणारच नाही.

धातू थंड होताना आकसतो, बीड सुमारे १ टक्का आणि ॲल्युमिनियम सुमारे १.३ टक्के. १८० साठी पॅटर्न १८२ मिमीचा करा. नाही केलात तरी दोन मिमीने जेवण अडत नाही. पण अडणीत फरशीचा तुकडा किंवा लाकडी चकती बसवायची असेल तर हा हिशेब चुकवून चालणार नाही.

शेवटी पॅटर्नला शेलॅक किंवा लाकडाच्या लॅकरचे दोन-तीन हात द्या, मध्ये घासून. कच्चा एमडीएफ ओल्या वाळूतले पाणी पितो आणि दुसऱ्या साच्यापर्यंत फुगतो.

तपासा (डोळ्यांनी): पॅटर्न टेबलावर ठेवा, एक डोळा मिटून बरोबर वरून पाहा. प्रत्येक भिंतीची बारीकशी पट्टी दिसली पाहिजे. एखादी भिंत दिसत नसेल तर ती उभी आहे किंवा उलटी गेली आहे.

तपासा (मातीत): शाडू मळून तीन बोटे जाडीचा थर करा, वर टाल्कम पावडर भुरभुरवा, पॅटर्न नक्षी खाली करून दाबा आणि सरळ वर उचला. मातीत राहिलेला ठसा तिरक्या उजेडात निरखून पाहा. काठ जिथे वर ओढला गेला आहे तिथे टेपर कमी आहे. छिद्राच्या जागची मातीची गुंडी पॅटर्नबरोबर उचलून आली असेल तर ते छिद्र अरुंद आहे. ‘ब’चे पोट मातीत भरले नाही तर वाळूतही भरणार नाही. शाडू ओल्या वाळूपेक्षा चिकट असतो, त्यामुळे इथे पास झालेला पॅटर्न फाउंड्रीत सहसा अडत नाही.

## ५. फाउंड्रीत काय सांगायचे

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव पट्ट्यात फाउंड्र्या भरपूर आहेत, पण यंत्रावर हजारोंनी जॉब काढणारा कारखाना तुमच्या दोन अडण्यांसाठी लाइन थांबवणार नाही. हाताने मोल्डिंग करणारी छोटी फाउंड्री शोधा. एकदोन नग ॲल्युमिनियममध्ये लवकर मिळतात. बिडासाठी त्यांचा वितळणाचा दिवस असेल तोवर थांबायची तयारी ठेवा.

पॅटर्न देऊन निघून येऊ नका. या गोष्टी तोंडी सांगा आणि पॅटर्नच्या पाठीवर लिहूनही ठेवा:

- नक्षी खालच्या पेटीत यावी. मळी आणि हवेचे बुडबुडे वर चढतात, त्यामुळे खालची बाजू स्वच्छ उतरते. ब्लो होल (बुडबुड्यांची भोके) आलेच तर पाठीवर येतील.
- नक्षीवर पहिला थर बारीक चाळणीने चाळलेल्या वाळूचा द्यावा.
- गेट (साच्यात धातू शिरायच्या वाटा) साध्या किनारीला जोडावेत, अक्षरांसमोर नको. आठ मिमीची ती किनार यासाठीच ठेवली आहे.
- धातूची प्रत: बिडात एफजी २००, ॲल्युमिनियममध्ये एलएम ६. एलएम ६ मध्ये सिलिकॉन भरपूर असल्याने ते बारीक नक्षीत चांगले वाहते.
- बिडाचा जॉब वाळूतच थंड होऊ द्यावा. पातळ बीड लवकर बाहेर काढले तर काचेसारखे कडक होते, कानस लागत नाही आणि ड्रिल तर नाहीच. पाय ड्रिल करून लावण्यापेक्षा ओतूनच घ्यावेत ते यासाठीही.
- शक्य असल्यास शॉट ब्लास्टिंग (बारीक लोखंडी गोळ्यांच्या माऱ्याने सफाई) करून द्यावे.

सावधान: व्हिडिओ पाहून घरच्या अंगणात ॲल्युमिनियम वितळवू नका. ते ७०० अंशांच्या वर ओतले जाते. साच्यात किंवा जमिनीवर जरासे पाणी असले तरी त्याची क्षणात वाफ होऊन धातू अंगावर उडतो.

## ६. साफसफाई

जॉब हातात आला की आधी पाठ पाहा. टाचणीएवढी भोके चालतील, किनारीपासून आत जाणारी केसासारखी रेष चालणार नाही. बिडाची अडणी दोऱ्याने टांगून लाकडी हातोडीने हलकेच वाजवा. खणखणली तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा आहे. तो वाफेने आणि वजनाने वाढतच जाणार, तेव्हा ती बाजूला ठेवा.

गेटची खूण ग्राइंडरने आणि फ्लॅप डिस्कने काढा, छिद्रांच्या आतली धार गोल कानशीने. गॉगल आणि मास्क घालूनच. मग जाड काचेवर ८० नंबरचा एमरी पेपर चिकटवा, त्यावर अडणी नक्षी खाली करून इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा. आधी उंच माथे चकाकू लागतील. सगळे माथे सारखे चकाकले की थांबा. दऱ्यांना हात लावू नका, तिथला खरबरीत काळसरपणा राहू दिला तरच नक्षी उठून दिसते.

तपासा: स्टीलची पट्टी माथ्यांवर तीन दिशांनी उभी धरा. खालून उजेड दिसला तर अजून घासा.

## ७. लेप

पायांच्या टोकांवरच्या सिलिकॉनच्या टोप्या अजून बसवायच्या नाहीत. बरेच जण इथे घाई करतात आणि लेप भाजताना टोप्यांचा गोंद सुटतो.

बीड: साबणाने धुवा आणि लगेच गॅसवर कोरडी करा. कोकणात, पावसाळ्यात तर ओले बीड बघता बघता तांबडे होते. कोमट असतानाच खाण्याचे जवसाचे तेल सगळीकडून, पाठीला आणि छिद्रांतही, चोळा. मग कोरड्या फडक्याने जणू चुकून लागले होते असे सगळे पुसून टाका. तेल जाड राहिले की चिकट, पिवळट ओघळ येतात आणि ते जात नाहीत. ओव्हनमध्ये २३० ते २५० अंशांवर तासभर ठेवा, आतच थंड होऊ द्या. असे तीन वेळा. धूर होतो, खिडक्या उघड्या ठेवा. रंगाच्या दुकानातले जवस तेल वापरू नका, त्यात सुकवणारी रसायने असतात.

सावधान: जवसाच्या तेलाचे बोळे केलेले फडके स्वतःहून पेटू शकते. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा, मगच टाका.

ॲल्युमिनियम: तेलाची गरज नाही. नक्षी ठळक हवी असेल तर बाइकच्या सायलेन्सरला लावतात तो उष्णतारोधक काळा रंग सगळीकडे मारा, वाळल्यावर माथे पुन्हा एमरीवर घासून उघडे करा. डब्यावर लिहिल्याप्रमाणे रंग तापवून पक्का करा, पण जेवणाच्या ओव्हनमध्ये नाही. साधा ऑइलपेंट पहिल्याच गरम कुकरला चिकटून येतो.

## ८. पाय आणि शेवटची चाचणी

ओतलेल्या पायांची टोके काचेवरच्या एमरीवर घासून तिन्हींची उंची कॅलिपरने सारखी करा. तीन पाय डुगडुगत नाहीत म्हणून लोक हे सोडतात, मग अडणी एका बाजूला उतरती राहते आणि आमटीचा थर पातेल्यात तिरका दिसतो. टोकांवर सिलिकॉनच्या टोप्या किंवा ३ मिमीचे कॉर्कचे गोल तुकडे लावा, गोंद उष्णता सोसणारा हवा. फर्निचरखाली लावायच्या फोमच्या चिकट चकत्या नकोत. ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने खाली नेते, त्यामुळे त्याला टोप्या हव्याच.

चाचणीसाठी तीन लिटर पाणी उकळून पातेले अडणीवर ठेवा, खाली जेवणाचे टेबल नव्हे तर प्लायचा तुकडा. पंधरा मिनिटांनी अडणी उचलून प्लायवर पायांच्या जागी हात लावा. हात ठेववत नसेल तर टोप्या जाड करा. मग पातेले मुद्दाम दोन बोटे एका बाजूला सरकवून अडणी कलते का पाहा. कलली तर तो दोष पायांच्या जागेचा आहे. तो पॅटर्नवरच सुधारावा लागेल.

वापरताना बिडाची अडणी इंडक्शनच्या काचेवर ठेवून देऊ नका. शेगडी चुकून चालू झाली तर पातेल्याऐवजी अडणीच तापेल. आणि पॅटर्न फेकू नका: प्लास्टिकच्या पिशवीत, सपाट फळीवर, वजनाखाली ठेवा. उभा ठेवलेला एमडीएफ एका पावसाळ्यात वाकतो. सुटे पाय त्याच पिशवीत टाका, नाहीतर पुढच्या खेपेला आधी तेच शोधत बसाल.